मापात खोट कुठून येते? वर्कशॉपमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

सकाळी सव्वाआठच्या सुमारास रबाळे स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत पाठीला सॅक लावलेली बरीच पोरं-पोरी दिसतात. त्यांतली काही दरवर्षी आमच्या मशीन शॉपमध्ये शिकाऊ म्हणून येतात. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेला असतो, व्हर्नियर (जबड्यांत धरून माप घ्यायची सरकती पट्टी) वाचता येत असतो. पहिल्या आठवड्यात एक प्रसंग हमखास घडतो. २५ मिमीचा एकच शाफ्ट दोघं मोजतात, एकाला २४.९८ मिळतं आणि दुसऱ्याला २५.०१. मग दोघंही माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, "मॅडम, खरं कुणाचं?"

मी आधी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आणि आता इथे नवी मुंबईच्या टीटीसी औद्योगिक पट्ट्यात, अशी बरीच वर्षं इन्स्पेक्शन करते आहे. या प्रश्नाचं उत्तर मी लगेच देत नाही. कारण चुकीचं रिडिंगही बरोबर रिडिंगइतकंच ठाम दिसतं. २५.०१ हा आकडा चुकला असेल तरी तो काही लाल होत नाही. ते रिडिंग कुठल्या बाजूला झुकलंय आणि कशामुळे, हे आपणच शोधायचं असतं. ते कसं शोधायचं, हे मी नव्या मुलांना ज्या क्रमाने शिकवते त्याच क्रमाने इथे लिहिते.

पहिली पायरी: चूक आणि त्रुटी वेगळी करा

मायक्रोमीटरच्या (स्क्रू फिरवून बारीक माप घेणाऱ्या यंत्राच्या) स्लीव्हवरची, म्हणजे स्थिर नळीवरची, अर्ध्या मिलिमीटरची रेघ दिसली नाही आणि १२.८३ ऐवजी १२.३३ लिहिलं, तर ती चूक. आकडा उलटसुलट लिहिला, दुसऱ्याच पार्टचं माप या पार्टच्या रकान्यात भरलं, इंचाचा मोड चालू राहिला, याही चुका. पुस्तकात यांना ढोबळ त्रुटी म्हणतात. त्यांना औषध एकच, दुसऱ्याकडून पुन्हा मोजून घेणं. मायक्रोमीटरचं रिडिंग शंकास्पद वाटलं तर आधी साध्या स्टील पट्टीने अंदाज घ्या. अर्ध्या मिलिमीटरची गफलत पट्टीवरही कळते.

खरी त्रुटी वेगळी. तुम्ही सगळं नीट केलं तरी ती उरते. तिचे दोन प्रकार आहेत. एक नेहमी एकाच बाजूला झुकते, तिला पद्धतशीर त्रुटी म्हणतात. दुसरी कधी वर तर कधी खाली जाते, ती यादृच्छिक त्रुटी. नावं पाठ करून काही होत नाही, हाताने करून बघा.

टूल रूममधून २५ मिमीचा स्लिप गेज, म्हणजे अगदी अचूक मापाचा ठोकळा, मागा. तो स्वच्छ पुसा, त्याच मायक्रोमीटरने दहा वेळा मोजा आणि प्रत्येक वेळी स्पिंडल (सरकणारा दांडा) पूर्ण उघडून पुन्हा बंद करा. समजा २५.०२, २५.०२, २५.०१, २५.०२, २५.०३ अशी रिडिंग आली. त्यांचा जो पसारा आहे, २५.०१ ते २५.०३, ती यादृच्छिक त्रुटी. तुमच्या हाताचा दाब, स्पिंडलवरचा तेलाचा थर, रेघ वाचताना डोळ्याने घेतलेला निर्णय, असं सगळं त्यात मिसळलेलं असतं. आणि सरासरी २५.०० न येता २५.०२ आली, हे जे सरकणं आहे ती पद्धतशीर त्रुटी.

हा फरक मी इतका लावून धरते, त्याला कारण आहे. यादृच्छिक त्रुटी जास्त रिडिंग घेऊन सरासरी काढली की कमी होते. चार रिडिंगांची सरासरी घेतली तर ती निम्म्यावर येते, सोळा घेतली तर पावपट. पद्धतशीर त्रुटी मात्र हजार रिडिंग घेतलीत तरी जागची हलत नाही. मोठ्या कष्टाने सरासरी काढून शेवटी हातात येतं ते चुकीचंच माप, आणि वर खात्री वाढलेली असते.

दुसरी पायरी: जॉब (मोजायचा पार्ट) हातात घेण्याआधी मापयंत्र तपासा

आधी कॅलिब्रेशनचा (यंत्र प्रमाणाशी ताडून बघितल्याचा) स्टिकर बघा, पुढची तारीख उलटलेली नाही ना. मग कॅलिपरचे जबडे किंवा मायक्रोमीटरच्या अॅन्व्हिल (स्थिर टोक) आणि स्पिंडलची तोंडं स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कपड्याने पुसा. त्यानंतर झिरो.

मायक्रोमीटर रॅचेटने (ठरावीक दाबानंतर घसरणाऱ्या टोकाच्या घुंडीने) बंद केल्यावर थिंबलचा (फिरणाऱ्या नळीचा) शून्य बरोबर आडव्या रेघेवर आला पाहिजे. रेघेसमोर २ दिसत असेल तर शून्य त्रुटी +०.०२. शून्य रेघ ओलांडून पुढे गेला आणि ४८ दिसत असेल तर −०.०२. खरं माप म्हणजे रिडिंग वजा त्रुटी, चिन्हासकट. त्रुटी +०.०२ असताना रिडिंग १०.४६ आलं तर माप १०.४४. त्रुटी −०.०२ असेल तर १०.४८. परीक्षेत हे सगळ्यांना येतं, पण शिफ्टच्या शेवटी घाईत चिन्ह उलटं लागतं आणि मग त्रुटी जाण्याऐवजी दुप्पट होते. म्हणून माझा आग्रह असतो की झिरो सेट करून घ्या, डोक्यात वजाबाकी करत बसू नका. मायक्रोमीटरच्या डबीत छोटी किल्ली असते, ती त्याचसाठी दिलेली आहे.

व्हर्नियर कॅलिपरचे जबडे बंद करून ट्यूबलाइटकडे धरा. मध्ये उजेडाची फट दिसली तर जबडे झिजलेत. ही झीज बहुतेकदा टोकाला असते, कारण सगळे टोकाने मोजतात. त्यामुळे झिरो बरोबर दाखवणारा कॅलिपरही टोकाशी मोजताना फसवतो.

टोकाने मोजू नका, याला आणखी एक कारण आहे. जर्मनीतल्या येना शहरातले भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८९० मध्ये एक तत्त्व मांडलं: मोजायची लांबी आणि मोजपट्टी एकाच सरळ रेषेत असावी. मायक्रोमीटरमध्ये तसं असतं. कॅलिपरमध्ये पट्टी वर आणि जॉब खाली जबड्यात. सरकता जबडा जुना होऊन ढिला झाला आणि दाबल्यावर अगदी किंचित, अंशाच्या सतराव्या भागाएवढा जरी तिरका झाला, तरी पट्टीपासून ४० मिमी खाली मोजताना सुमारे ०.०४ मिमीचा फरक पडतो. लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारं सर्वांत लहान माप, ०.०२ असलेल्या यंत्रात ०.०४! म्हणून जॉब जबड्यात जितका आत, पट्टीच्या जवळ धरता येईल तितका धरा.

यंत्राची निवडही इथेच करायची. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ०.०३ मिमीचा आणि हातात ०.०२ लीस्ट काउंटचा कॅलिपर, हे जमणारच नाही. शॉपमधला जुना नियम असा की मापयंत्राची त्रुटी टॉलरन्सच्या दहाव्या भागाइतकी असावी, अगदीच नाइलाज असेल तर चौथ्या भागापर्यंत चालवून घ्यावं.

तिसरी पायरी: स्वतःचा हात आणि डोळा

रॅचेट सोडून थिंबल पिळून माप घेणारे खूप. पिळलं की फ्रेम किंचित उघडते, मऊ जॉब किंचित दबतो आणि माप कमी येतं. पातळ नळी किंवा प्लास्टिकचा पार्ट असेल तर हा फरक चांगलाच मोठा असतो. रॅचेटचे दोन-तीन टक-टक आवाज ऐकायचे आणि थांबायचं. दहा जणांचे हात दहा प्रकारचे, पण रॅचेटचा दाब एकच.

रेघ सरळ समोरून वाचा. बाजूने वाचली की पॅरॅलॅक्स येतो, म्हणजे दोन रेघा एकाच पातळीवर नसल्यामुळे डोळा सरकला की जुळणीही सरकते. काट्याच्या जुन्या व्होल्टमीटरमध्ये तबकडीवर आरशाची पट्टी असते ना, ती याचसाठी. काटा आणि त्याचं प्रतिबिंब एक झालं की डोळा बरोबर जागी आहे असं समजायचं.

तिरकं धरण्याची त्रुटी आणखी फसवी. ५० मिमी अंतर मोजताना पट्टी ५ अंशांनी तिरकी झाली तर ५०.१९ दिसेल. पाच अंश डोळ्याला जाणवतही नाहीत. भोकाचा व्यास मोजताना बोअर गेज हळूच पुढेमागे झुलवायचा आणि सर्वांत कमी रिडिंग घ्यायचं, याचं कारण हेच.

डायल गेजबद्दल एकच सांगते. प्लंजर, म्हणजे त्याचा सरकणारा दांडा, एकाच दिशेने येऊन थांबू द्या. आतल्या दातेरी चाकांमध्ये थोडी मोकळीक असते, त्यामुळे वर जाताना आणि खाली येताना एकाच जागी वेगवेगळं रिडिंग मिळू शकतं.

चौथी पायरी: तापमान, म्हणजे आपल्या भागातलं मोठं दुखणं

लांबीची सगळी मापं २० अंश सेल्सिअसला धरली जातात. १९३१ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर हे ठरलं. ड्रॉइंगवर ८० मिमी लिहिलंय याचा अर्थ २० अंशांना ८० मिमी. आता मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, दुपारी दोन वाजता, २० अंश कुठून आणणार?

वागळे इस्टेटमधल्या सुरुवातीच्या दिवसांत हे मी बॅच गमावून शिकले. अॅल्युमिनियमच्या रिंगा होत्या, बाहेरचा व्यास ८० मिमी, टॉलरन्स शून्य ते −०.०३०. म्हणजे ७९.९७० ते ८०.००० मध्ये बसायला हवं. मशीनवरून उतरलेली रिंग मी लगेच पुसून मोजत होते. ७९.९८५ यायचं, टॉलरन्सच्या अगदी मधोमध. इतकं सुंदर माप की ऑपरेटरला म्हटलं, सेटिंगला हात लावू नकोस. आठवड्याने माल परत आला. ग्राहकाच्या एसी रूममध्ये तीच रिंग ७९.९५० भरली होती. सगळी बॅच अंडरसाइज.

त्या रात्री वहीत गणित मांडलं. हातात घेतली तेव्हा रिंग गरम होती, ४५ अंशांच्या आसपास. अॅल्युमिनियम दर मीटरला दर अंशामागे सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) वाढतं. ८० मिमीला २५ अंशांचा फरक म्हणजे ०.०४६ मिमी वाढ. माझा मायक्रोमीटर पोलादाचा, शेडमध्ये ३२ अंशांवर. पोलाद साधारण ११.५ मायक्रॉनने वाढतं, म्हणजे त्याची स्वतःची वाढ ०.०११. दोन्हींतला फरक ०.०३५, आणि ७९.९८५ मधून ०.०३५ गेले की बरोबर ७९.९५०. यंत्र निर्दोष होतं, कॅलिब्रेशन ताजं होतं, माझा हातही ठीक होता. फक्त रिंग गरम होती.

तेव्हापासून माझा नियम असा. धातूचा जॉब मशीनवरून उतरला की तो आणि मापयंत्र दोन्ही सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) शेजारी ठेवायचे. लहान पार्टला अर्धा-पाऊण तास, मोठ्या कास्टिंगला कित्येक तास. पोलादाचा जॉब आणि पोलादाचंच यंत्र एका तापमानाला आले की दोघं सारखेच वाढलेले असतात आणि त्रुटी जवळपास मिटते. अॅल्युमिनियम, पितळ, प्लास्टिक यांना ही सवलत नाही. तिथे एकतर २० अंशांच्या खोलीत मोजा, नाहीतर वरचं गणित करून दुरुस्ती लावा. आणि मायक्रोमीटर फ्रेमवरच्या प्लास्टिकच्या पट्टीलाच धरा. ती पट्टी हाताची ऊब फ्रेममध्ये जाऊ नये म्हणून बसवलेली असते.

इथल्या हवेचंही बघायला हवं. खाडी जवळ, आणि जून ते सप्टेंबर हवेतूनच पाणी निथळतं. घामाच्या बोटाने धरलेल्या स्लिप गेजवर दुसऱ्या दिवशी बोटाच्या ठशाच्या आकाराचा गंज मी पाहिलेला आहे. त्या गंजाची जाडी मग पुढच्या प्रत्येक मापात मिळवली जाते. स्लिप गेज हातमोजे घालून किंवा शामॉय चामड्याने धरा, काम झालं की पुसा, गंजरोधक तेलाचा पातळ हात द्या, डबी बंद करा. एसी रूममधून थंड गेज एकदम बाहेर आणलात तर त्यावर दव जमतं, तेही टाळा.

पाचवी पायरी: वीज, उष्णता आणि दाब मोजताना

मेंटेनन्सला गेलात तर कॅलिपरऐवजी मल्टीमीटर हातात येईल. इथली खास त्रुटी म्हणजे मोजण्याच्या कृतीनेच मोजायची गोष्ट बदलते. १० व्होल्टवर १ मेगाओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा. मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट असायला हवेत. १० मेगाओहम इनपुटचा डिजिटल मीटर लावलात की तो स्वतःच थोडा करंट पितो आणि दाखवतो सुमारे ४.७६. मीटर खोटं बोलत नाही. त्या क्षणी तिथे खरंच ४.७६ व्होल्ट असतात, पण ते मीटर लावल्यामुळे.

पीटी-१०० हा रोधावरून तापमान सांगणारा सेन्सर. तो दोनच तारांनी जोडला तर तारांचा रोधही तापमान म्हणून वाचला जातो. अंशामागे ०.३८५ ओहम हा त्याचा हिशेब, म्हणजे तारांचा एकूण १ ओहम रोध सुमारे २.६ अंश जास्त दाखवतो. तीन तारांची जोडणी असते ती हा रोध वजा करण्यासाठी.

थर्मोकपलमधली गफलत मात्र जॉब बिघडवून जाते. थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमान-सेन्सर. भट्टीवरच्या के-टाइप थर्मोकपलच्या हेडपासून (जोडपेटीपासून) पॅनलपर्यंत त्याच प्रकारची केबल लागते. ती तुटली आणि कुणी घाईत साधी तांब्याची तार जोडली, तर हेड आणि पॅनल यांच्या तापमानातला फरक रिडिंगमधून गळतो. हेड ६० अंशांवर, पॅनल ३२ वर, तर २८ अंश कमी दिसणार. कंट्रोलर बिचारा ८५० गाठण्यासाठी भट्टी ८७८ वर नेतो. योग्य केबल लावली पण दोन्ही टोकांना तारा उलटल्या, तर त्रुटी दुप्पट होऊन ५६. यात वाईट गोष्ट अशी की भट्टी थंड असताना, हेड आणि पॅनल एकाच तापमानाला असतात तेव्हा, सगळं बरोबर दिसतं. म्हणून तपासणी नेहमी भट्टी तापलेली असताना करा.

प्रेशर गेजच्या तबकडीवर १.६ असा आकडा छापलेला असतो. तो म्हणजे पूर्ण स्केलच्या १.६ टक्के, समोर दिसणाऱ्या रिडिंगच्या नव्हे. ० ते १६ बारच्या गेजला ही मुभा जवळपास ०.२६ बार होते. तुमची लाइन २ बारवर चालत असेल तर त्याच गेजवर १३ टक्क्यांपर्यंत फरक मान्य धरल्यासारखं झालं. तिथे ० ते ४ बारचा गेज लावा, मुभा ०.०६४ बारवर येते.

वजनकाट्याबद्दल थोडक्यात. काटा पातळीत आहे का ते बुडबुड्यात बघा, चालू केल्यावर थोडा वेळ तापू द्या, वरचा पंखा बंद करा. मग एकच वजन मधोमध आणि चारही कोपऱ्यांवर ठेवून बघा. कोपऱ्यात आकडा बदलला तर लोडसेल (काट्यातला वजन जाणणारा भाग) किंवा त्याची बैठक बिघडलीय. लोडसेलचा काटा दुसऱ्या गावाहून आणला असेल तर इथे प्रमाण वजनाने पुन्हा जुळवावा लागतो, कारण गुरुत्व सगळीकडे सारखं नाही. दिल्लीत जुळवलेला काटा आपल्याकडे १० किलोमागे सुमारे ५ ग्रॅम कमी दाखवेल. ज्या काट्यावर माल विकला जातो त्याला वैधमापन शास्त्र कायदा, २००९ प्रमाणे शासकीय पडताळणी आणि मुद्रा लागते. कंपनीतलं आपलं कॅलिब्रेशन तिच्या जागी चालत नाही.

सहावी पायरी: कॅलिब्रेशनचा कागद वाचा

नवीन मुलं स्टिकर बघतात, प्रमाणपत्र कुणी उघडत नाही. कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती, हा मोठा गैरसमज आहे. प्रयोगशाळा तुमचं यंत्र प्रमाणाशी ताडून किती चुकतंय ते लिहून देते. ते आपोआप सुधारून मिळत नाही. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यता असलेल्या प्रयोगशाळेचं प्रमाण साखळीने नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेपर्यंत किंवा तशाच दुसऱ्या देशाच्या संस्थेपर्यंत पोचलेलं असतं, म्हणून त्या कागदाला किंमत.

कागदात प्रत्येक मापाला त्रुटी दिलेली असते. रकान्याचं नाव आधी वाचा. काही जण 'त्रुटी' देतात, काही 'दुरुस्ती', आणि दोघांची चिन्हं उलट असतात. त्रुटी वजा करायची, दुरुस्ती मिळवायची. शेवटी अनिश्चितता लिहिलेली असते. तिचा अर्थ, प्रयोगशाळेलाही एवढी शंका आहे. समजा अनिश्चितता ०.००३ आहे आणि तुमचा जॉब मर्यादेच्या ०.००२ आत बसतोय, तर त्याला डोळे मिटून पास म्हणू नका, वरिष्ठांना दाखवा.

आणि कॅलिब्रेशन वर्षातून एकदा होतं, काम रोज चालतं. दर सोमवारी सकाळी आपल्या मायक्रोमीटरवर एक स्लिप गेज मोजायचा आणि रिडिंग तारखेसह वहीत लिहायचं. पाच मिनिटांचं काम. तीन महिन्यांनी पानावरचे आकडे एका बाजूला सरकताना दिसले की झीज सुरू झाली हे प्रमाणपत्राची तारीख येण्याआधीच कळतं.

आता त्या शाफ्टकडे

२४.९८ आणि २५.०१ वाल्या दोघांना मी काय करायला लावते, ते सांगते. दोघांनी मायक्रोमीटर अदलाबदल करून तोच शाफ्ट, त्याच जागी खडूने खूण करून पुन्हा मोजायचा. फरक यंत्राबरोबर गेला तर दोष यंत्रात, माणसाबरोबर राहिला तर हातात. दोन्हीपैकी काहीच झालं नाही, आकडे नुसते इकडेतिकडे फिरले, तर शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) ठेवून डायल गेजखाली फिरवायचा. मागच्या जुलैत तसंच झालं होतं. शाफ्टच लंबगोल होता, आणि दोघांनी तो वेगवेगळ्या बाजूंनी धरला होता.

तुमच्या हातून मायक्रोमीटर खाली पडला तर, बाहेरून काही झालेलं दिसत नसलं तरी, त्याला लाल टॅग लावून टूल रूमच्या खिडकीत द्या आणि पडला असं तोंडाने सांगा. आमच्याकडे त्यासाठी कुणाला बोलणी बसत नाहीत. त्या दिवशी सकाळपासून त्या यंत्राने मोजलेला माल बाजूला काढून ठेवायचा, आणि यंत्र स्लिप गेजवर तपासून होईपर्यंत तो गाडीत चढवायचा नाही.